पाठशुद्धीचे एक अर्वाचीन रूप : मुक्त डेटाबेसची मार्गदर्शिका आणि मराठी परिभाषा

साहित्याच्या इतिहासात मार्गदर्शिकेला स्थान नसते. काव्य, नाटक, बखर, पत्र, फार तर शिलालेख आणि सनद, एवढ्यापर्यंत अभ्यासकाची दृष्टी पोहोचते. एखादे यंत्र किंवा प्रणाली कशी चालवावी हे सांगणारा मजकूर मात्र निव्वळ उपयोगाचा मानून बाजूला ठेवला जातो. असे असले तरी गेल्या तीन दशकांत मुक्त सॉफ्टवेअरच्या परिसरात अशा मजकुराचे जे संपादन झाले, ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही. शब्द बदलणे, संदिग्ध वाक्य सोडवणे, मजकुरातील कोणता अंश कोणत्या जातीचा आहे हे खुणेने दाखवणे आणि प्रत्येक बदलामागील कर्ता व कारण नोंदवून ठेवणे ही कामे संहितेच्या संपादकाचीच आहेत. ‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसच्या मार्गदर्शिकेच्या आधारे या संपादनाचा इतिहास मांडणे, आणि दिल्लीत व महाराष्ट्रात घडलेल्या परिभाषेच्या इतिहासाशी त्याची तुलना करणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. पाठशुद्धीच्या दोन परंपरा

मराठीत पाठशुद्धीचा विचार प्राचीन आहे आणि त्याची निदान दोन रूपे दिसतात. पहिले रूप महानुभावांचे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यपरंपरेच्या स्मरणातून संहिता पुन्हा उभी करण्यात आली, असे परंपरा सांगते. या पुनर्रचनेत एकाच लीळेच्या भिन्न आठवणी पुसून टाकल्या गेल्या नाहीत. ‘वासना’ आणि ‘शोध’ या संज्ञांखाली, कित्येक ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावासह, त्या मजकुरातच जपल्या गेल्या. येथे पाठभेद हा संहितेचाच भाग मानला गेला.

दुसरे रूप एकनाथांचे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी तीन शतकांच्या नकलांनंतर अशुद्ध झाली होती. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिचे शुद्ध संस्करण केले आणि पुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये असे बजावले. भ्रष्ट पाठ दूर झाल्यावर संहिता बंद करणे, ही या परंपरेची दिशा. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा हा बंद दरवाजा पुन्हा किलकिला झाला आणि शुद्ध पाठ कोणता हा वाद नव्याने सुरू झाला.

एक परंपरा पाठभेद राखते, दुसरी पाठ निश्चित करते. मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेने या दोहोंना एकत्र आणले. प्रत्येक आवृत्तीत वाचकापुढे एकच निश्चित पाठ असतो. त्यामागे मात्र पूर्वीचे सर्व पाठ, ते बदलणाऱ्यांची नावे आणि बदलाची कारणे सुरक्षित असतात. पाठ कोणी बदलावा याचे उत्तरही येथे वेगळे आहे. ज्याला चूक दिसली त्या कोणत्याही वाचकाने दुरुस्ती सुचवावी. ती स्वीकारण्याचा अधिकार मोजक्या संपादकांकडे राहतो.

२. चिन्हांकनाचा उगम आणि कार्य

ज्याला संगणकाच्या व्यवहारात मार्कअप म्हणतात त्या चिन्हांकनाचा इतिहास डेटाबेसच्या इतिहासाशी आरंभापासून जोडलेला आहे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी मजकुराच्या रचनेला खुणा करण्याची एक भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन ती ‘जीएमएल’ म्हणून ओळखली गेली. यांपैकी लोरी पुढे त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टीम आर’ या प्रकल्पात सहभागी झाले. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेला डेटाबेसचा सिद्धांत प्रत्यक्षात उतरवणारा हा प्रकल्प होता. मजकुराला रचना देणे आणि माहितीला रचना देणे ही दोन कामे एकाच पिढीने, काही अंशी एकाच व्यक्तीने केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जीएमएलमधून ‘एसजीएमएल’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये सिद्ध झाले. तांत्रिक पुस्तकांसाठी त्यावर आधारलेली ‘डॉकबुक’ ही पद्धती १९९१ मध्ये आली आणि १९९८ मध्ये अधिक काटेकोर अशा ‘एक्सएमएल’ची शिफारस प्रसिद्ध झाली. पोस्टग्रेसचा प्रवास याला समांतर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात ‘एसक्यूएल’ ही प्रश्नभाषा आणली आणि १९९६ मध्ये ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे नाव घेऊन तो विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांच्या हाती गेला. शतकाच्या अखेरीस त्याची मार्गदर्शिका डॉकबुकच्या चिन्हांकनात आलेली होती.

हे चिन्हांकन नेमके काय करते? छापील पानावर आज्ञेचे नाव, फाइलचे नाव, वाचकाने स्वतःच्या माहितीने भरावयाचा शब्द आणि जसाच्या तसा टंकावयाचा शब्द, हे चारही बहुधा एकसारख्या ठशात दिसतात. डोळ्याला त्यांत भेद जाणवत नाही. चिन्हांकनात मात्र प्रत्येकाची खूण वेगळी असते. एखाद्या उदाहरणात ‘तक्त्याचे नाव’ हा शब्द भरावयाचा असताना तो शब्दशः टंकावयाचा म्हणून चिन्हांकित झाला, तर नवखा वाचक तेच अक्षरसमूह टंकतो आणि प्रणाली चूक दाखवते. खूण चुकली की अर्थ चुकतो. पोथीत मूळ श्लोक आणि टीका यांतील सीमा पुसट झाल्यावर टीकाकाराचे वाक्य मूळ ग्रंथकाराच्या नावावर जाते. ही आपत्ती त्याच जातीची आहे.

२०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या मार्गदर्शिकेचे चिन्हांकन एसजीएमएलमधून एक्सएमएलमध्ये नेण्यात आले. जुन्या पद्धतीत खूण बंद करताना तिचे नाव न लिहिता केवळ ‘</>’ एवढे चिन्ह पुरत असे. लिहिणाऱ्याला ते सोयीचे होते. वाचणाऱ्याला मात्र कोणती खूण कोठे संपली हे शोधावे लागे. नव्या पद्धतीत प्रत्येक खूण स्वतःच्या नावानेच बंद करणे अनिवार्य झाले. संपूर्ण मार्गदर्शिकेतून अशा नावहीन खुणा काढून त्या जागी सनाम खुणा घालण्यात आल्या. वाचकाला दिसणाऱ्या पानावर या प्रचंड कामाची एकही निशाणी उमटली नाही. फाइलींच्या नावांचा शेवट तर जुन्या पद्धतीचाच राहिला. पुढील संपादकाचे कष्ट वाचावेत यासाठी केलेली ही दुरुस्ती होती.

मार्गदर्शिका आणि प्रणालीची मूळ संहिता एकाच भांडारात राहतात. प्रणालीचे वर्तन बदलणाऱ्याने मार्गदर्शिकेतील संबंधित वाक्यही बदलावे अशी अपेक्षा असते. प्रत्येक दुरुस्तीत वगळलेली ओळ आणि घातलेली ओळ एकाखाली एक दिसते. तिच्यासोबत सुचवणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि चूक दाखवून देणाऱ्याचेही नाव नोंदले जाते. म्हाइंभटांच्या परंपरेतील नावनिशीवार ‘वासने’चे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे.

३. शब्दाची किंमत

शब्दयोजनेची दुरुस्ती ही केवळ शैलीची बाब नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. डेटाबेसमध्ये कोणताही बदल मूळ तक्त्यांत होण्याआधी तो एका क्रमवार वहीत लिहिला जातो. वीज गेली किंवा यंत्र बंद पडले, तर पूर्ण झालेल्या व्यवहारांचे तक्त्यांत उतरायचे राहिलेले बदल या वहीवरून पुन्हा करता येतात. इंग्रजीत या वहीच्या नावात ‘लॉग’ हा शब्द आहे. पोस्टग्रेसमध्ये तिचा कप्पा ‘पीजी-एक्सलॉग’ या नावाने ओळखला जाई. व्यवहार पुरा झाला की रद्द झाला याची नोंद ‘पीजी-सीलॉग’मध्ये असे, आणि प्रणालीने वेळोवेळी काढलेले सामान्य संदेश ‘पीजी-लॉग’मध्ये साठत. तीन नावांचा शेवट सारखा होता. त्यांपैकी शेवटचा कप्पा रिकामा केला तरी काही बिघडत नसे. पहिल्या दोहोंना हात लावला तर डेटाबेस उघडतच नसे.

यंत्रातील जागा संपत आली की व्यवस्थापक जुने ‘लॉग’ काढून टाकतो, ही सर्वत्र रूढ असलेली सवय. या सवयीने अनेकांनी जिवंत डेटाबेसची ही वही निरुपयोगी समजून पुसली आणि माहिती गमावली. मार्गदर्शिकेतील सूचना अशा अपघातांना पुरेशा ठरल्या नाहीत, कारण संकटाच्या क्षणी माणूस सूचना वाचत नाही, त्याला फक्त नाव दिसते. अखेर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत नावेच बदलण्यात आली. पहिला कप्पा ‘पीजी-वॉल’ झाला, दुसरा ‘पीजी-एक्सॅक्ट’, आणि ‘लॉग’ हे नाव केवळ संदेशांच्या कप्प्याकडे राहिले. त्यासोबत आज्ञांची नावे आणि मार्गदर्शिकेतील असंख्य वाक्ये बदलली. जुन्या नावांवर विसंबलेली इतरांची साधने यामुळे मोडणार होती. तरीही हा बदल स्वीकारण्यात आला.

मराठी वाचकाला या ठिकाणी एका जुन्या शब्दाची आठवण व्हावी. आपल्याकडील हिशेबाच्या पद्धतीत व्यवहार प्रथम कीर्दीत लिहिला जातो आणि मग तेथून खतावणीत खात्यानिहाय चढवला जातो. पेशवे दफ्तरात रोजकीर्दी जपल्या गेल्या आहेत. खतावणी बिघडली तर कीर्दीवरून पुन्हा तयार करता येते. उलट मार्ग मात्र नाही. डेटाबेसमधील ती वही म्हणजे शब्दशः कीर्द आणि तक्ते म्हणजे खतावणी. कोणताही कारकून जागा हवी म्हणून चालू सालाची कीर्द फाडणार नाही. इंग्रजीत जो भेद प्रस्थापित करण्यासाठी नामांतर करावे लागले, तो मराठीतील रूढ शब्दांत आधीपासून होता. तरीही मराठी तांत्रिक लेखनात या वहीसाठी ‘लॉग’ किंवा ‘नोंद’ हेच शब्द येतात. ‘नोंद’ या शब्दात कीर्दीचे अनिवार्यत्व नाही. योग्य शब्द भाषेत असूनही तो योग्य वाक्यापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण पुढे पाहावयाचे आहे.

दुसरे उदाहरण सामाजिक आशयाचे आहे. एका डेटाबेसची अनुकृती दुसऱ्या यंत्रावर ठेवताना मूळ प्रतीला ‘मास्टर’ आणि अनुकृतीला ‘स्लेव्ह’ म्हणण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. अमेरिकेतील वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर २०२० मध्ये पोस्टग्रेसच्या संहितेत आणि मार्गदर्शिकेत ‘मास्टर’च्या जागी ‘प्रायमरी’ हा शब्द घालण्यात आला. ‘मायएसक्यूएल’ या दुसऱ्या डेटाबेसनेही त्याच वर्षी ‘सोर्स’ आणि ‘रेप्लिका’ हे शब्द स्वीकारले. तौलनिक अभ्यासकासाठी खरा प्रश्न या जोडीच्या भाषांतराचा आहे. ‘स्लेव्ह’साठी ‘दास’ घेतला तर भक्तिपरंपरेत ज्या शब्दाने संत स्वतःची ओळख सांगतात तो येथे येतो आणि अन्यायाची जाणीव विरून जाते. ‘गुलाम’ घेतला तर महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची परंपरा जागी होते. १८७३ मधील तो ग्रंथ फुल्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलेला आहे. म्हणजे मराठी भाषांतरकर्ता दोन शब्दांतून निवड करताना दोन इतिहासांतून निवड करतो. मूळ इंग्रजी दुरुस्तीचे यांत्रिक अनुकरण करून हा प्रश्न सुटत नाही.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत मार्गदर्शिकेला प्रथमच स्वतंत्र परिभाषासूची जोडण्यात आली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. वीस वर्षांहून अधिक काळ वाक्ये लिहिली गेली, तपासली गेली, बदलली गेली, आणि त्या वाक्यांत स्थिरावलेल्या संज्ञांची सूची शेवटी आली.

४. दिल्लीतील परिभाषा : सूची आधी, वाक्य नंतर

भारतीय भाषांत हा क्रम उलटा राहिला. राष्ट्रपतींच्या १९६० च्या आदेशानुसार १ ऑक्टोबर १९६१ रोजी दिल्लीत वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. दिल्ली विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक डॉ. दौ. सिं. कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष. आंतरराष्ट्रीय संज्ञा शक्यतो तशाच ठेवाव्यात, संकल्पनावाचक शब्द संस्कृत धातूंवरून घडवावेत आणि ते सर्व भारतीय भाषांना समान असावेत, हे आयोगाचे धोरण होते. महाराष्ट्रात ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून संभावना केली. पुढे शासन व्यवहार कोशासह अनेक परिभाषा कोश तयार झाले. या साऱ्या उद्योगामागे शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा आदर्श उभा होता. तोही फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोशच होता.

या कार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु सूचीत शब्द एकटा असतो. त्याच्या मागेपुढे वाक्य नसल्याने तो कोठे अडखळेल हे सूची करणाऱ्याला दिसत नाही. हिंदीतील ‘सूचना प्रौद्योगिकी’ हा शब्द मराठीत का आला नाही, याचे उत्तर कोणतेही साधे मराठी वाक्य देते. मराठीत ‘सूचना’ म्हणजे करावयाच्या गोष्टीबद्दलचे सांगणे, माहिती नव्हे. म्हणून ‘माहिती तंत्रज्ञान’ रूढ झाले. समान शब्द असूनही अर्थ भिन्न, ही अडचण वाक्यात उतरल्यावरच ध्यानात येते.

‘रिलेशनल’ या संज्ञेचे उदाहरण अधिक बोलके आहे. कॉड यांनी ‘रिलेशन’ हा शब्द गणितातून घेतला. त्याचा अर्थ व्यवहारात जवळजवळ ‘तक्ता’ असा होतो आणि पोस्टग्रेसची मार्गदर्शिका हे आरंभीच्या धड्यातच स्पष्ट करते. ‘संबंधात्मक’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी तो वाचणाऱ्याचा समज असा होतो की तक्त्यांचे परस्परांशी असलेले संबंध म्हणजे ‘रिलेशन’. इंग्रजी वाचकाचाही हाच गैरसमज होतो. त्याच्यासाठी मार्गदर्शिकेतील एक वाक्य तयार आहे, मराठी वाचकासाठी केवळ शब्द आहे. ‘डेटा’साठी आधारसामग्री, विदा, माहिती आणि डेटा असे चार पर्याय मराठीत एकाच वेळी वावरतात. त्यांतील कोणता टिकावा हे ठरवणारा, सतत दुरुस्त होत जाणारा असा एकही मोठा मजकूर नाही.

लिपीच्या मानकाबाबतही दिल्लीचे निर्णय मराठीवर थेट परिणाम करणारे ठरले. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्ता असलेल्या स्वतंत्र ‘ऱ’ अक्षरापासून, किंवा साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. डेटाबेस मात्र नेहमीच्या तुलनेत त्यांना दोन भिन्न शब्द मानतो, आणि एका रीतीने साठवलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. उलट, युनिकोडच्या सर्वसाधारण अनुक्रमनियमात ती अदृश्य जोडखूण दुर्लक्षित होत असल्याने दऱ्या आणि दर्या यांतील भेदच नाहीसा होण्याचा संभव असतो. डोळ्याला न दिसणाऱ्या खुणेवर अर्थ अवलंबून असणे ही गोष्ट डॉकबुकच्या खुणांपुरती मर्यादित नाही. ती मराठी शब्दाच्या पोटातही आहे. मराठी ग्रंथसूची, मतदारयादी किंवा भूमी-अभिलेख हाताळणाऱ्याला हे सांगणारा परिच्छेद त्याच्या भाषेतील मार्गदर्शिकेत असणे अगत्याचे आहे.

दिल्लीत वाक्याकडे जाण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. विकासशील समाज अध्ययन केंद्राच्या ‘सराय’ या २००० मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअर आणि हिंदी संगणन यांना शिष्यवृत्त्यांचा व चर्चेचा आधार दिला. तेथे भाषेचे अभ्यासक आणि संगणकाचे जाणकार एकत्र बसले, ही त्या उपक्रमाची विशेष देणगी. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या प्रणालींत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. प्रणाली मुक्त झाली, पण ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती येणारा मजकूर इंग्रजीतच राहिला. फ्रेंच, जपानी आणि रशियन भाषांत पोस्टग्रेसची मार्गदर्शिका उपलब्ध आहे. मराठीत अशी संपूर्ण मार्गदर्शिका नाही.

५. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट पुढे येते. परिभाषा कोशात जन्म घेते, परंतु ती वाढते वाक्यांत, आणि त्या वाक्यांना दुरुस्त करण्याचा अधिकार वाचकाला असेल तरच ती टिकते. मुक्त डेटाबेसच्या मार्गदर्शिकेने शब्द, खूण आणि दुरुस्तीची नोंद यांना एकत्र बांधून ही प्रक्रिया उघड केली. ‘लॉग’ हा शब्द घातक आहे हे कोशातून कळले नाही, तो वाचून ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडून कळले. मराठीजवळ वाक्यातून परिभाषा घडवण्याचा वारसा आहे. महानुभावांच्या नावनिशीवार पाठभेदांत तो दिसतो आणि एकनाथांच्या साक्षेपी शुद्धीकरणातही दिसतो. कीर्द-खतावणीसारखे काटेकोर शब्दही तिच्याजवळ आहेत. दिल्लीतील आणि मुंबईतील सूचींनी साठ वर्षांत जमवलेले शब्द एखाद्या सार्वजनिक, दुरुस्तीयोग्य मराठी मार्गदर्शिकेत उतरले, तर त्यांतील कोणते चालतात आणि कोणते अडखळतात याचा निवाडा वापरणारेच करतील. तोवर विभागीय कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्यापुढे जागा संपल्याची सूचना येईल, तेव्हा समोरच्या कप्प्यातील वही फाडावयाची की जपावयाची हे त्याला परक्या शब्दावरूनच ठरवावे लागेल.